खूण जिथं तुटली

होसियतखालाचा एकुलता एक मुलगा झोहिद रशियात बांधकामावर गेला आणि फोटोतच राहिला. दर शुक्रवारी फोटो यायचा: गडी हसतोय, समोर पुलावाची परात. खाली ओळ ठरलेली, ‘सुट्टी मिळाली की येतोच, आई.’ तीन वर्षं जर्दाळू पिकून संपले, पण याची सुट्टी काही उगवेना. खाला ओढणीनं फोनची काच पुसायची आणि लेकाच्या गालावरून बोट फिरवायची. काचेवर बोट फिरवून का कुठं आईचा जीव निवतो?

शेजारच्या मस्तुराचं तोंड मात्र कायम मोकाट. “कसला येतोय! तिकडे संसार थाटला असेल. फोटो सगळे बनावट. हल्ली घरबसल्या मक्केतसुद्धा उभं राहता येतं!”

हे खालाच्या जिव्हारी लागलं. गल्लीतली निगोरा ताश्कंदला फोटो खरे-खोटे तपासण्याच्या कामावर होती. ती सुट्टीला गावी, मार्गिलानला आली, तशी खाला फोन घेऊन तिच्यापुढे जाऊन बसली.

“पोरी, असेल ते सांग. माझं मन राखू नकोस.”

“खाला, झोहिदभाईचा फोन फोटो काढतानाच त्यात एक खूण मिसळतो. आपल्याला दिसत नाही. नंतर कुणी फोटो बदलला, की तेवढ्याच जागी ती तुटते.”

तिनं फोटो तपासायला लावला. खूण शाबूत होती तिथं हिरवा रंग पसरत गेला. चेहरा खरा. हसू खरं. मागची भिंतही खरी.

“बघ! कुठाय ती बायको? बोलाव त्या मस्तुराला!” खाला हरखून गेली.

तेवढ्यात उजव्या बाहीवर लाल डाग उमटला. निगोरानं आधीचे फोटो लावून पाहिले. प्रत्येकात डाग तिथंच, कोपराच्या खाली.

“खाला... हा हात फोटोत नंतर जोडलाय.”

खालाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं स्वतःचाच कोपर घट्ट धरला. मग तिथूनच फोन लावला.

“झोहिदजान, हात कधी गेला रे?”

“कुणी सांगितलं?”

“ते राहू दे. तू ये.”

“कसा येऊ, आई? घरातला मुलगा म्हणून पाहुण्यांना चहा मी द्यायचा. डाव्या हातानं पियाली पुढे करू? लोक काय म्हणतील तुला?”

“अरे गाढवा, एवढ्यासाठी...” खालानं डोळे पुसले.

“चहा मी देईन सगळ्यांना. तू नुसता समोर बैस. मला बघू दे.”