लग्न झालेल्या माणसाचा नमुना

साहेब, माझ्या नवऱ्याच्या आतड्यात काय आहे ते तुम्हाला दिसलं होतं, आणि तुम्ही ते फेकून दिलं.

पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांच्या आतड्यातले जिवाणू निराळे असतात का, त्यापायी त्यांना एचआयव्ही सहज लागतो का, हे तुम्ही अमरावतीत शोधत होता. पहिला गट अशा पुरुषांचा, दुसरा तुलनेसाठी बाकीच्यांचा. शेखर अकोल्याहून स्वतःहून आला. मला म्हणाला, पोटाची तपासणी आहे. म्हणून मीही सोबत आले, तुमच्या पडद्याबाहेर बसले.

"लग्न झालंय?" तुम्ही विचारलं.

"झालं. पण सर, मले थोडं..."

"बाहेर मिसेस आहेत ना? मग तुम्ही दुसऱ्या गटात. सरळ माणसं!" तुम्ही हसलात. "पहिल्या गटात कसले कसले लोक येतात, काय सांगू!"

बायको पडद्याआड असताना कोणता नवरा पुढे बोलेल? शेखर शीचा नमुना देऊन, रक्त देऊन निघाला. रक्त तेव्हा स्वच्छ होतं.

मग तुमचा फोन आला, शेखरनं स्पीकरवर घेतला. "शेखरराव, तुमचे जिवाणू पहिल्या गटासारखे दिसताहेत. खाता काय हो?"

"वऱ्हाडातलं तिखट तुमच्या मशीनले झेपलं नसन!" मी मागून ओरडले. शेखर हसला नाही.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. तुमचा काढून टाकतो," तुम्ही म्हणालात.

लागण टाळायची गोळी असते. पहिल्या गटाला तुम्ही ती सांगत होता. सरळ माणसाला कोण सांगणार?

दिवाळीनंतर त्याचा ताप हटेना. तो पॉझिटिव्ह निघाला, मग मी. मला पाचवा महिना आहे. त्यानं सगळं सांगितलं ते भिंतीकडे तोंड करून. "मी सांगालेच गेल्तो वं. पण तू बाहेर बसली होती."

त्याला मी माफ केलेलं नाही. ते आमचं आम्ही पाहू.

परवा मी तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "मिस्टरांनी माहिती लपवली."

"तुमी इचारलं होतं का?"

"ताई, लग्न झालेल्या माणसाला असं विचारतात का?"

मी औषधं घेतेय. पोटातलं बाळ लागणीपासून बहुतेक वाचेल, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. बहुतेक.

शेखरनं नमुना दिला त्या दिवशी पडद्याबाहेर माझ्याशेजारी पातूरची एक पोरगी बसली होती. नवं लग्न, हातभर हिरव्या बांगड्या. तिचा नवराही तुम्ही सरळ माणसांत घातला. त्याला परत बोलावून, एकट्याला बसवून, नीट विचारणार आहात की नाही? उत्तर द्या.