खोट्या पाण्याचा आवाज

मी मोटर बोलतेय. गाडीतली नव्हे हो, पाण्याची. गास गावच्या रस्त्यावर आमची चार मजली बिल्डिंग आहे, तिच्या जिन्याखाली माझं बिऱ्हाड. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, एवढंच माझं काम. सध्या मात्र वालीवच्या एका दुरुस्तीच्या दुकानात फळीवर पडलेय. आणि अजून मला खरं वाटत नाहीये. जिनं मला इतकी वर्षं जपलं, तिच्या शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर मी जळले!

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतात त्या पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावणाऱ्या प्रेमलताताई. पहिल्या मजल्यावर राहतात, मला चालू-बंद करायचं काम त्यांचंच. त्यांचं माहेर वाडीवाल्यांचं. लहानपणी बावखलावर, म्हणजे वाडीच्या तळ्यावर, वडिलांचा पंप चालायचा आणि पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो हे ओळखून ती पोर बंद करायला पळायची. तोच कान त्यांनी मला दिला. स्वयंपाकघरात भाजी परतत असल्या तरी माझा सूर बदलला की चपला न घालता खाली.

जिन्याखाली राहिलं की सगळं कळतं. कोणाकडे बोंबील तळलेत, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं लग्न मोडलं. त्यामुळे यजमान गेल्यावर प्रेमलताताईंचं घर किती गप्प झालं, तेही मला कळलं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. दिवसभरात त्यांच्या दाराशी एकच हाक यायची, "ताई, पाणी सोडलं का?" त्या हाकेवर बाई उभी होती.

मग समोरच्या हंसाबेननी ताईंच्या मोबाइलवर एक खेळ घालून दिला.

"असं काय बसून राहते? मगजला कसरत होते याने," हंसाबेन म्हणाल्या.

खेळ काय, तर काचेच्या बाटल्या. प्रत्येकीत तीन-चार रंगांचं पाणी एकावर एक. या बाटलीतलं त्या बाटलीत ओतत ओतत एकेका बाटलीत एकच रंग आणायचा. ओतताना आवाज येतो गुळगुळ, गुळगुळ. बाटली भरली की तिला बूच बसतं, टिंग वाजतं, वरून रंगीत कागद उडतात. मला आधी हसूच आलं. इथं खरं पाणी चढवून माझी कंबर मोडते, कागद सोडा, कोणी बरं झालं असंही म्हणत नाही!

पण ताईंचा खुललेला चेहरा बघून मी हसणं थांबवलं. त्या खेळात घाई नाही. कोणी रागावत नाही. चुकलं तर मागे घ्यायचं बटण असतं. आणि कितीही गोंधळ असो, शेवटी सगळे रंग आपापल्या जागी जातात. घरात तसं कुठे होतं? स्टूल टाकून त्या माझ्याजवळच येऊन खेळायच्या. मला सोबतच झाली.

लबाडीही बघितली हो त्या खेळाची. सात-आठ डाव सोपे द्यायचा, मग असा अडवायचा की एक रिकामी बाटली जास्तीची हवीच. ती हवी तर जाहिरात बघा. जाहिरात बंद करायची फुली मुंगीएवढी. बोट टेकवावं तर भलतंच दुकान उघडायचं.

"मेल्या, नको मला तुझा मिक्सर!" ताई ओरडायच्या.

"अरे, ठेव ना बाजूला," हंसाबेन म्हणायच्या.

"आता कशी ठेवू? एकच रंग राहिलाय!"

त्या सकाळीही एकच रंग राहिला होता. नळाला पाणी कमी आलं होतं. खालची टाकी लवकर तळाला गेली. माझ्या तोंडात हवा आली, सूर बारीक झाला. मी वाट पाहिली, आता उठतील. उठल्या नाहीत. मी खरखरले, थरथरले. ताई म्हणाल्या, "थांब गं, होतंय, होतंय."

मला वाटलं, मलाच म्हणताहेत. त्या बाटलीला म्हणत होत्या!

मोबाइलमधून गुळगुळ चालू होतं. ज्या कानानं मला सांभाळलं, त्या कानात पाणी वाहतच होतं. खोटं पाणी. मी कोरडी फिरत राहिले, फिरत राहिले, आणि पोटातली तार जळली. धूर निघाला तेव्हा ताईंच्या हातातून मोबाइल पडला. पडल्या पडल्या त्यातून टिंग वाजलं.

सेक्रेटरी हरेश्वरभाऊ नाकाला रुमाल लावून आले. "मी मीटिंगमध्ये काय बोललो होतो? आपोआप बंद होणारी नवीन मोटर घ्या. ही द्या भंगारात. आणि ताई, तुम्ही आता आराम करा."

आराम करा! ताईंचा चेहरा माझ्यापेक्षा काळा पडला. "भाऊ, एकदा दुरुस्त करून बघू द्या," एवढंच बोलल्या. मला गोणपाटात गुंडाळून, रिक्षात पायाशी धरून त्यांनी स्वतः वालीवला आणलं.

इथला कारागीर ऑस्कर. हात देवाचे. नवी तार भरली, आता फक्त चालवून बघायचं राहिलं, तेवढ्यात चहा आला. ऑस्करनं मोबाइल काढला. आणि काय ऐकते मी? गुळगुळ, गुळगुळ! इथंही!

स्टुलावर बसलेल्या ताई दचकल्या. मग त्याच्या मोबाइलकडे तिरक्या नजरेनं बघत म्हणाल्या, "डावीकडची हिरवी आधी मोकळी कर."

टिंग. ऑस्कर खूश. "काय आंटी, तुम्ही पण खेळता? मस्त आहे ना?"

"मस्त आहे रे," ताई म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला. "त्यापायीच जळली ही. तिथं मागे घेता येतं. मला सवय लागली होती."

ऑस्करनं आवाज बंद केला आणि मला टबात पाइप सोडून चालू केलं. ताई खाली बसल्या, माझ्याजवळ कान नेला. मी जीव लावून सूर धरला.

"तीच आहे," त्या म्हणाल्या. मग उठून ऑस्करला म्हणाल्या, "तो आपोआप बंद करणारा सेन्सर हिलाच बसतो का?"

"बसतो की. पण मग तुम्हाला बघायला नको, आंटी."

"बसव."

मला दुसरा धक्का बसला तो हा. मला वाचवायला बाईनं आपल्या दाराशी येणारी एकुलती एक हाक देऊन टाकली.

म्हणून तुम्हा बिल्डिंगवाल्यांना माझं सांगणं आहे, पाणी आपोआप चढलं तरी त्यांच्या दारी जात जा, काहीतरी विचारत जा. आणि ताई, तुम्ही स्टूल घेऊन जिन्याखाली यायचं सोडू नका. खेळ हवा तर खेळा, मी काही म्हणणार नाही. फक्त त्याचा आवाज तेवढा बंद ठेवा. मला तुमच्याशी बोलायचं असतं.