कुंकू लावलेलं पातं

मशीन कुठलं घ्यायचं हे सुष्मितानं कधीच ठरवलं होतं. तरी सकाळपासून जो तो तिला मशीन शिकवत होता.

कागलकडं जाणाऱ्या हायवेला लागून अनेकांतशेठचं लग्नाचं लॉन. एकराच्या वर नुसतं मेक्सिकन गवत, मधी स्टेज, कडेला कारंजं. इतके दिवस सुष्मिता, बायडाबाई आणि धोंडुबाई खांद्यावरच्या कटरनं ते कापायच्या. कटरनं गवत एकसारखं कापलं जात नाही, भादरलेल्या मेंढरागत दिसतं. एका नवरीच्या बापानं फोटोत बघून शेठला झाडलं, तेव्हा शेठनं सांगितलं, "मागं चालत ढकलायचं मशीन आणा. वर्षभराचं काम तुमचं. न्हाईतर मी दुसरा माणूस बघतो."

दुसरा माणूस. हा शब्द सुष्मिताच्या कानात कुसळागत बसला होता.

शाहूपुरीतल्या दुकानात दोन मशीनं होती. एक एकवीस इंची, एका पात्याचं. त्याला लिव्हर होती, दाबली की चाकं आपसूक पुढं जायची, माणसानं फक्त मागं चालून दिशा द्यायची. दुसरं तीस इंची, दोन पात्यांचं, रेड्यागत जड. दुकानातला सोमशेखर तीस इंचीवर हात थापटून म्हणाला होता, "वैनी, कामाचं मशीन हे. ते बारकं बंगल्यावाल्यांचं."

पण सुष्मितानं ते जड मशीन स्वतः वळवून बघितलं होतं. रेषेच्या टोकाला गेलं की ते सगळं अंगावर घेऊन फिरवायला लागतं. एखादा तालमीतला गडी फिरवंल. पन्नाशीची बायडाबाई नाही फिरवणार. मोठं मशीन आलं की गडी येणार, आणि गडी आला की बायकांच्या हातात काय उरणार? खराटा. भातमळणीला हेच झालं, पेरणीला हेच झालं, कटर आलं तेव्हाही हेच होणार होतं. तेव्हा सुष्मितानं ते आपल्या खांद्यावर घेतलं म्हणून वाचलं. मशीन बाईसाठी आलंय असं कुणी म्हणत नाही. बाईनं ते ओढून घ्यावं लागतं.

पात्यावरही तिनं दुकानात सोमशेखरचं डोकं खाल्लं होतं. एक पातं गवताचा भुगा करून तिथंच सोडणारं. दुसऱ्याची दोन्ही टोकं वर वळलेली, पंखागत. ते फिरलं की आत वारा तयार होतो, त्या वाऱ्यानं गवत उभं राहतं, कापलं जातं आणि मागच्या पिशवीत फेकलं जातं. लग्नाच्या लॉनवर भुगा चालत नाही. पैठणीच्या काठाला चिकटला की शेठचा फोन. म्हणून पंखाचं पातं.

सोमशेखर म्हणाला, दोन्ही मशीनं लॉनवर चालवून बघा, मग घ्या. बारकं मशीन त्यानं दसऱ्याच्या आधीच टेम्पोत टाकून दिलं. टेम्पो मल्लेशचा. मल्लेश म्हणजे सुष्मिताचा धाकटा दीर, तालमीत जाणारा. तिचा नवरा इचलकरंजीत लूमवर, आठवड्यातनं एकदा घरी. त्यामुळं टेम्पो, मशीन, चारचौघातलं बोलणं हे सगळं मल्लेश आपलंच समजायचा.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लॉनवर जमले. मोठं मशीन घेऊन सोमशेखर दुकानाच्या गाडीतून आला. संध्याकाळी तिथं साखरपुडा होता. मांडववाल्यांचा ट्रक गेटवर उभाच होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

"आटपा," शेठ म्हणाला. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. "गवत झाल्याशिवाय मांडव आत न्हाय."

आधी मोठं मशीन. मल्लेशनं बाह्या सारल्या. मशीन धडधडत निघालं, मागं रुंद पट्टा उठला. शेठचा चेहरा फुलला. टोकाला मल्लेशनं छाती लावून ते फिरवलं तसं चाकानं ओल्या जागेतली हिरवळ खरवडून काढली. खाली काळी माती दिसायला लागली.

"शेठ, बघितलासा?" सुष्मिता म्हणाली.

"पायानं दाबलं की बसतंय ते. चालू दे रे!"

"आता मावशी वळवू देत."

बायडाबाईनं पदर खोचला आणि हँडल धरलं. सरळ गेली. टोकाला मशीन तिला घेऊन कारंज्याकडंच निघालं. ती हँडल सोडून मागं बसली तसं मशीन थांबलं. गडी खदाखदा हसले.

"मावशी, म्हस न्हाय ती, दाव्यानं वळायला!" मल्लेश ओरडला.

"म्हस बरी की रं," बायडाबाई उठत म्हणाली. "म्हशीला अक्कल असती."

मग बारकं मशीन. ते बायडाबाईनं दोरी ओढून सहज चालू केलं, लिव्हर दाबली आणि बाजारला निघाल्यागत मागं चालायला लागली. टोकाला एका हातानं वळवलं. सुष्मिताच्या जिवात जीव आला. पण मागं बघितलं तर गवत कापलंच नव्हतं. नुसतं झोपलं होतं, आणि बघता बघता एकेक पातळ काडी परत उभी राहत होती. धोंडुबाईनं पिशवी उघडली. आत चिमूटभर गवत.

सोमशेखरनं हात झटकले. "मी तवाच म्हटलो होतो की. ह्यात दम न्हाय."

"वर्षाचं काम ह्याच्यावर करणार व्हय?" शेठ म्हणाला. "ताई, उगं हट्ट नको. तीस इंची घ्या. मल्लेश चालवंल. ह्या बायका हायतच की मागं गोळा करायला."

झालं. खराटा आला.

सुष्मिताच्या डोक्यात सणक गेली. ती त्या मशीनभोवती नुसती फिरायला लागली. एकदा, परत एकदा. दुकानाच्या गोडाऊनमागं हेच मशीन तिनं स्वतः चालवलं होतं. गुडघाभर गवत खाल्लं होतं त्यानं. मग घरात आठवडाभर बसून त्याचा दम कुठं गेला? गेटवरून हॉर्न वाजला. शेठनं घड्याळ बघितलं.

"वैनी, द्या सोडून," मल्लेश म्हणाला. "मी मोठं चालवून तासात मोकळं करतो."

"गप्प बस जरा."

तिनं मशीन बंद केलं, चुकून चालू होऊ नये म्हणून प्लगवरची टोपी उपसली आणि तेल शिरू नये म्हणून फिल्टर वरच्या अंगाला राहील असं मशीन कलतं केलं. खाली वाकून बघितलं.

पात्यावर कुंकू होतं. दोन्ही टोकांना दोन बोटं, मधी हळद, आणि बोल्टाखाली दबलेली झेंडूची पाकळी. आणि वर वळलेले ते पंख आता जमिनीकडं वळले होते. म्हणजे फिरताना धार मागं राहत होती आणि बोथट कड पुढं.

"मल्लेश, पातं कुणी काढलंतं?"

"मी. खंडेनवमीला." त्याला त्यात काही लपवायचं वाटलं नाही. "हत्यार न्हाय का ते? कोयती, खुरपी, टेम्पोचा पाना, सगळं पाटावर मांडलंतं. मशीन सबंध पाटावर कसं मांडू? म्हणून पातं काढलं. आईनं हळदकुंकू लावलं. काल सकाळी परत बसवलं."

"असं उलटं?"

"उलटं कुठं? कुंकवाची बाजू भाईर ठेवली. देवाचं कुंकू आत लपवायचं व्हय?"

बायडाबाईनं वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आगं बया. मी धार फिरवत न्हवतो, पंखा फिरवत होतो."

सगळ्यात आधी धोंडुबाई हसली. मग गेटवरचा ड्रायव्हरसुद्धा. मल्लेशचे कान लाल झाले.

सुष्मिता हसली नाही. तिला त्याचा राग नव्हता आला. त्यानं भक्तीनं केलं होतं. तिला राग आला तो सोमशेखरचा. जन्म मशीनं विकण्यात गेला, आणि पिशवी रिकामी दिसल्यावर त्याला खाली वाकून बघावं वाटलं नाही. बाईनं निवडलेलं मशीन. ते चालणार नाही हे त्याला आधीपासूनच माहीत होतं, मग बघायचं कशाला?

"पाना द्या."

"दुकानात नेऊन बघू की," सोमशेखर म्हणाला.

"पावणं, पाना द्या म्हटलो."

त्यानं दिला. तिनं फडकं गुंडाळून पातं धरलं आणि बोल्ट काढला.

"वैनी, पुजलेलं हाय," मल्लेश हळू म्हणाला. "कुंकू आत जाईल."

"कापायची बाजू खाली जाईल. देवाला कळतंय ते."

पंख वर करून तिनं पातं बसवलं, बोल्ट आवळला, टोपी लावली. बायडाबाईनं हँडल धरलं. मशीनचा आवाजच बदलला. आत वारा घुमायला लागला. गवत उभं राहून आत जायला लागलं आणि मागं गादीवरची चादर ओढावी तसा पट्टा पडत गेला. टोकाला एका हातानं वळण. हिरवळ कुठं सोलली नाही. पिशवी भरली, धोंडुबाईनं रिकामी केली, परत भरली. अर्धं लॉन झालं. अजून कारंज्याकडचं अर्धं राहिलं होतं.

शेठ पट्ट्यावर चालून आला. चप्पल काढून पाय फिरवून बघितला.

"कापतंय झ्याक," तो म्हणाला. "पण मोठंच घ्या, ताई. लॉन मोठं, मशीन मोठं पायजे. बघणाऱ्याला बरं दिसतंय. आणि मल्लेशसारखा गडी असला की मला निर्धास्त. बाईमाणसाचं काय, एक दिवस येती, एक दिवस न्हाय."

ही अशी माणसं असतात. डोळ्यानं बघतात, तळपायानं तपासतात, आणि तोंडानं तेच बोलतात जे घरून बोलायला निघालेले असतात.

सुष्मिता चालत गेली आणि बायडाबाईच्या हातातली लिव्हर सोडवली. मशीन थांबलं.

"का थांबलीसा?" शेठ म्हणाला.

"शेठ, बायडामावशी तुमच्या गेटवर कवा आली न्हाय? सांगा एक दिवस."

शेठ पायानं चप्पल चाचपायला लागला.

"न्हाय सांगता येत. तर ऐका. मशीन हेच. चालवणार ह्या दोघी आणि मी. वर्षाचं काम माझ्या नावानं, मल्लेशच्या न्हाय. आत्ता सांगा. न्हाईतर राहिलेलं असंच राहू दे."

"अर्धं?" शेठनं लॉनकडं बघितलं. अर्धं तासलेलं, अर्धं झिपरं. स्टेजच्या बरोबर मधून रेघ गेली होती. "संध्याकाळी पावणं येणार हायत हितं!"

"येऊ देत की."

"धमकी देता व्हय मला? मल्लेश! घे ते मोठं मशीन. पुरं कर."

सगळे मल्लेशकडं बघायला लागले. सोमशेखर तर मशीन ढकलत त्याच्यापुढं घेऊन आला. मल्लेशनं त्या मशीनकडं बघितलं. मग वहिनीकडं. तिनं मान वळवली नाही, विनवणी केली नाही. नुसती पाना हातात घेऊन उभी होती. आता हा काय करतो यावर तिचं वर्ष होतं, बायडाबाईचं होतं, धोंडुबाईचं होतं.

मल्लेशनं बाह्या खाली सोडल्या.

"मला भाडं हाय शेठ," तो म्हणाला. "शिरोलीचं. उशीर झाला."

त्याला कसलंही भाडं नव्हतं. वहिनीला ते माहीत होतं. तो टेम्पोकडं चालत गेला, मागं न बघता. आत बसून राहिला, गाडी काही चालू केली नाही.

शेठ सोमशेखरकडं वळला. सोमशेखर आधीच दोन पावलं मागं सरकला होता. "मी दुकानाचा माणूस, शेठ. गवत कापायला न्हाय आलो."

गेटवर हॉर्न वाजला, आणि या वेळी वाजतच राहिला. शेठनं वैतागून तिकडं हात हलवला, मग तोच हात लॉनकडं केला.

"करा. करा पुरं."

"वर्षाचं?"

"वर्षाचं म्हटलो की! आता डोकं खाऊ नकासा."

"माझ्या नावानं?"

"तुमच्याच, बाई, तुमच्याच!"

सुष्मितानं सोमशेखरच्या हातात पाना ठेवला. "ते मोठं परत न्या. आणि ह्याचं आणखी एक पातं पाठवून द्या. पंखाचंच."

तो काहीतरी पुटपुटला. तिनं ऐकलं नाही. शेठ संध्याकाळपर्यंत शब्दावरनं फिरंल, उद्या फिरंल, पुढच्या महिन्यात फिरंल. दर खेपेला मशीन असंच मधी थांबवायला लागणार. थांबवू.

"उभी काय ऱ्हायलीस?" बायडाबाई ओरडली. तिनं हँडल कधीच धरलं होतं. "वढ की दोरी. ऊन चढाय लागलं."

सुष्मितानं दोरी ओढली.