काकी, जेवलीस का?

कंपनी आमच्या गावात आली ती देवीला विचारून आली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उगाच कोणी म्हणायचं की विचारलं नाही.

कडावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला जाकमातेची राई. तिथली काटकीसुद्धा कोणी घरी आणत नाही. देवीच्या पायाजवळ कातळातून एक झरा येतो. रोज त्या झऱ्याचं तांब्याभर पाणी देवीवर घालायचं आणि मगच जेवायचं, हे माझ्या सासूबाईंचं व्रत. त्या गेल्या आणि तांब्या माझ्या हातात आला. हा पहिला तांब्या पडल्याशिवाय देवीला दुसऱ्या कोणाचा हार-नारळ चढत नाही, असा गावचा रिवाज आहे. चहाला सूट आहे. ती सासूबाईंनी स्वतःच स्वतःला दिली होती, मी फक्त चालू ठेवली.

तर राईच्या खालच्या माळावर मोठमोठी गोदामं आणि शीतगृह बांधायचं ठरलं. मुंबईवरून साहेब आले, देवळाच्या मंडपात पडदा लावला. पडद्यावर एक तराजू. एका पारड्यात झाड, दुसऱ्यात कारखाना, दोन्ही पारडी अगदी एका रेषेत. राज्याचं नवं धोरणच तसं आहे म्हणाले, निसर्गही राखायचा आणि प्रगतीही करायची. आमच्या शेजारची कोंडी पुढेच बसली होती. तिने विचारलं, "काटा धरलाय कुणी, सायेब?"

साहेबांनी तिला बिस्किटाचा पुडा दिला.

माझा पुतण्या योगेंद्र तेव्हा नुकताच कंपनीत लागला होता. पर्यावरण समन्वयक. म्हणजे काय, ते मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "काकी, दोन्हीकडच्यांना खूश ठेवायचं." मी म्हटलं, बरं आहे, नवीन सून घरात आली की हेच करते.

गावाचा एकच हट्ट होता. देवीचा कौल लावायचा. गजा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, राईतलं झाड तोडायचं काय गं?" डावी कळी पडली. म्हणजे नाही. सगळा मंडप गरजला. मग गजाने विचारलं, "मग राई हाय तशी राखायची काय?" उजवी पडली. म्हणजे होय. लोक रडले, साहेबही रडले. योगेंद्रने तर लोटांगण घातलं.

चूक आमची झाली ती इथे. राई राखायची का, एवढंच आम्ही विचारलं. कुणापासून राखायची, ते विचारलं नाही. देवी विचारलेल्याचंच उत्तर देते. न विचारलेल्याचं उत्तर द्यायला ती काही सरकार नाही.

पुढच्याच महिन्यात राईला तारेचं कुंपण पडलं. झालं असं की कंपनीने आपल्या जागेचा तिसरा हिस्सा झाडांखाली ठेवावा असा नियम आहे. नवी झाडं लावायची तर ती वाढायला वेळ लागतो, आणि आमची राई आयती वाढलेली. कंपनीने ती आपल्या हिश्शात धरली आणि माळावरचे आंबे, जांभळी, मोह सगळे झोपवले. फाटकावर हिरवा फलक लागला, ‘आम्ही जपलेलं वन’. आमच्या पणज्यांनी न तोडलेली झाडं कंपनीने जपली होती. खाली बारीक अक्षरांत होतं, मानवी हस्तक्षेपास मनाई.

फाटकावर नेरळचा तौकीर पहारेकरी होता. पहिल्या दिवशी त्याने मला अडवलं, आणि अडवताना त्याचंच तोंड उतरलं.

"मावशी, पास लागतोय."

"देवीला पन पास दिलाय काय रं?"

"ती आतच हाय ना मावशी. आतल्यांना लागत नाय."

शेवटी योगेंद्रनेच पास करून आणला. स्थानिक परंपरेला प्रोत्साहन, असा काहीतरी मुद्दा कंपनीला वर कळवायचा होता, त्या मुद्द्यात मी बसले. पिवळ्या पट्ट्याला लटकवलेला माझा फोटो, लुगड्यावरून चमकणारं जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि पायांत लोखंडी टोकाचे बूट. राईत अनवाणी जायचं असा आमचा नेम, बुटांशिवाय जायचं नाही असा त्यांचा. मी फाटकापर्यंत बूट घालून जायची, तौकीर ते स्टुलाखाली ठेवायचा, आणि वर छत्री उघडी धरायचा, कॅमेऱ्याला माझे पाय दिसू नयेत म्हणून. देवीने हेल्मेटबद्दल काही नाराजी दाखवली नाही. कोंडी मात्र रोज दारात उभी राहून हात जोडायची, "आल्या गं बाय आमच्या इंजिनेर!"

हेही निभलं असतं. पण शीतगृह सुरू झालं तशी कंपनीने राईच्या कडेला बोअर मारल्या. झरा आधी करंगळीएवढा झाला, मग सुतासारखा, आणि एक दिवस कातळ नुसता ओलसर. मी तांब्या लावून दुपारपर्यंत बसले. तळ झाकण्यापुरतंही पाणी नाही. घरी आले, चहा घेतला आणि पडून राहिले.

जेवण नाही म्हटल्यावर घरात आरडाओरडा झाला. योगेंद्र धावत आला.

"काकी, बाटलीचं पानी घाल. शुद्ध असतंय, मशीनमदून काढलेलं."

"देवीनं मशीनचं मागितलं नाय रं."

"मग नळाचं घाल!"

"नळाला तरी येतंय काय?"

 त्याच्याच घरची विहीर आटलेली. त्याची बायको अपेक्षा खालच्या आळीतून हंडे वाहत होती, आणि हा घरातून निघताना हंड्यांकडे बघायचाही नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला ठाऊक झाली होती. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. शुक्रवारी झरा येतो. कंपनीचं शीतगृह जनरेटरवर चालायचं, पण बोअरच्या मोटारी नाही. दुपार कलली की कातळाला पाझर फुटायचा आणि मी तांब्या भरून यायची. त्या दिवशी घरात सणासारखा स्वयंपाक व्हायचा. एरवी चहा, आणि डोळ्यांपुढे अंधारी. धाकटी जाऊ रोज ताट वाढून पुढ्यात ठेवायची आणि रोज तेच ताट मांजराला जायचं. मांजर सुटलं, मी वाळले. लोक म्हणायचे, सोड आता. पण व्रत आपल्या सोयीने सोडायचं, तर धरलं कशाला?

मग बातमी आली की कंपनीला राज्याचा समतोल पुरस्कार मिळाला आणि तो द्यायला खुद्द मंत्री येणार, राईत, देवीच्या साक्षीने. योगेंद्र आठवडाभर झोपला नसेल. आदल्या दिवशी पाण्याचा टँकर राईच्या मागच्या बाजूने वर चढला. सगळ्या गावाने बघितला, कारण चढावर तो रुतला आणि ढकलायला गावच लागलं. झऱ्याच्या कातळामागे नळी बसवली, वर पालापाचोळा पसरला.

"काकी, उद्या पानी येईल बघ," योगेंद्र मला म्हणाला. नजर जमिनीवर. "तू फक्त तांब्या घाल. मग मंत्रीसायेब हार घालतील. माझी नोकरी हाय गं."

मी म्हटलं, "पानी आलं तर घालीन रं बाबा. मी कधी नको म्हनले?"

दुसऱ्या दिवशी राईत हिरवा गालिचा अंथरला होता, गवतावर. मंत्री आले, कॅमेरे आले, गाव लोटलं. त्या दिवशी बुटांचं कोणी विचारलं नाही. मंत्रीही अनवाणी होते, फोटो होता ना. झऱ्यातून पाणी धो धो येत होतं, आमच्या झऱ्याने जन्मात तेवढा जोर केला नव्हता. मी तांब्या धरला. भरला. नाकाशी नेला. रबराचा वास.

मी तांब्या झाडाच्या मुळाशी ओतला, रिकामा मांडीवर घेतला आणि देवीसमोर बसले.

योगेंद्र वाकून कुजबुजला, "काकी, काय करतेस?"

"वाट बघते."

"कसली?"

"झऱ्याच्या पान्याची."

मंत्री हार हातात घेऊन उभे. भला जाड हार. त्यांनी गजाकडे बघितलं. गजा हात जोडून म्हणाला, "सायेब, पयलं पानी हिचं. ते पडल्याबिगर आई कुनाचा हार घेत नाय." पुढ्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका. मागे कॅमेरे. कोणता मंत्री देवीचा रिवाज मोडेल?

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. आवाज अगदी गोड. "माउली, पाणी तर येतंय की."

"येतंय ना सायेब. टँकर रिकामा होईस्तवर येईल."

गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. टँकरवाल्याला ते ऐकू गेलं असावं, किंवा त्याचं पाणीच संपलं असेल. नळी गुरगुरली, दोन आचके दिले आणि थांबली.

मंत्री तसे हुशार. त्यांनी रागाने कोणाकडेच बघितलं नाही. "मग झऱ्याचं पाणी कधी येतं, माउली?"

मी तोंड उघडायच्या आत कोंडी मागून ओरडली, "सुक्करवारी, सायेब! लाइट जाते ना तवा!"

मग मात्र राई खदखदली. बायांनी पदर तोंडात कोंबले. तौकीर छत्रीआड गेला. सगळ्यांनी एकदम बोअरचं सांगायला सुरुवात केली, आणि कॅमेरे मंत्र्यांवरून कोंडीकडे वळले. मंत्र्यांना ते चाललं नाही. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "मोटारी बंद करा. आत्ता! पाणी येईपर्यंत मी इथेच थांबतो."

आणि थांबायचं म्हणून त्यांनी भाषण सुरू केलं. विकास, संस्कृती, मातृशक्ती, पुढची पिढी, सगळं आलं. जेवणाची वेळ टळली, तिन्हीसांजेची कळा आली, कंपनीचे साहेब खुर्चीत पेंगले. मंत्र्यांचं भाषण झऱ्याला पुरलं. कातळ ओला झाला, मग एक थेंब, मग धार. तांब्या भरला. मी देवीवर घातला, मंत्र्यांनी हार घातला, आणि प्रसादाचा भात मी तिथेच खाल्ला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कॅमेऱ्यांना ते फार आवडलं.

त्याच भरात मंत्र्यांनी माइक पुन्हा हातात घेतला. "आजपासून ही माउली जेवल्याशिवाय इथली एकही मोटार चालू होणार नाही! यालाच म्हणतात समतोल!" टाळ्यांनी पाखरं उडाली. बातम्यांत ते वाक्य रात्रभर फिरलं, चार दिवसांत तसा आदेशही आला, रोज मध्यरात्री मोटारी बंद, माझं जेवण झालं की चालू. कंपनीने तो चौकटीत घालून फाटकावर लावला. काय करणार, पुरस्कार समतोलाच्याच नावाने मिळालेला.

कौल लावताना आम्ही चुकलो होतो. या वेळी चुकायची पाळी त्यांची होती. ही जेवल्याशिवाय, असं ते म्हणाले. ही जेवते कधी, ते कोणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी राईत गेले, तांब्या घालून घरी आले, तर अंगणात योगेंद्र. हातात उपम्याची ताटली.

"काकी, जेवलीस का?"

"इतक्या सकाळी?"

"खाऊन घे ना. खाली मोटारीजवळ मानूस उभा हाय."

पहिले काही दिवस मी खाल्लंही. पोरगा आपलाच. पण मी घास घेतला की खाली मोटार घरघरायची, आणि दुपारी अपेक्षा हंडा घेऊन माझ्या दारावरून जायची.  हंडा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यायची, एवढंच. माझा घास त्या हंड्यातून जात होता, हे कळायला मला कोणाला कौल लावून द्यावा लागला नाही.

मी देवीसमोर एकभुक्त धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, दिवेलागणीला.

योगेंद्र कपाळाला हात लावून बसला. "काकी, दिवसभर मोटारी बंद! शीतगृहाच्या यंत्रांना पानी लागतंय, आत मासळी हाय कोटीची!"

"मी कुठं अडवते रं? आदेश तुमच्या सायबांचा. व्रत माझं."

"मग मी काय करू?"

"चहा घे."

आठवडा झाला. झरा आता करंगळीएवढा आहे. योगेंद्रच्या विहिरीला तळाशी पाणी दिसतं, आणि त्याने परवा स्वतः वाकून बघितलं, असं तौकीर म्हणाला. कंपनी मात्र अजून आशेवर आहे. योगेंद्रला रोज सकाळी माझ्याकडे पाठवते, आणि तो रोज घरून डबा घेऊन येतो. अपेक्षाने करून दिलेला.

आज तो फार काकुळतीला आला होता. "एक घास, काकी. तुझ्या आवडीचं हाय म्हनाली ती. बघ तरी उघडून."

मी डबा उघडला. आत केळीचं पान होतं, नीट कापून बेतशीर बसवलेलं, धुऊन पुसलेलं. त्यावर काही नव्हतं.

योगेंद्र वाकून बघत राहिला. मी झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"तिला सांग," मी म्हटलं, "संध्याकाळी वाढ म्हनावं."