मुळा धरणाची पत्र्याची होडी समुद्रावर

मित्रांनो, मी पत्र्याची होडी. राहुरीत रस्त्याच्या कडेला एक वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं ट्रॉल्या आणि लोखंडी गेटं बनतात. त्याच दुकानात मीही बनले. हसू येतंय ना? हसून घ्या. माझ्याकडं बघून लोक आधी हसतात आणि मग मुकाट्यानं आत बसतात.

हसायचं कारण म्हणजे माझा तळ. तो अगदी सपाट आहे. मला न्यायला मालनबाई आली, तेव्हा दुकानात कुणीतरी म्हणालं, "ही होडी हाय का परात?" मालनबाई तेव्हा तरणीताठी होती आणि तिची जीभही तशीच होती. ती म्हणाली, "परात तर परात! माझ्या घरादाराचं जेवान हिच्यातच हाय." त्या दिवसापासून मी तिची झाले.

मग कितीतरी वर्षं मुळा धरणाच्या पाण्यावर आम्ही दोघींनी राज्य केलं. उजाडायच्या आत जाळी काढायला निघायचं, रोहू आणि कटला घेऊन काठाला यायचं. तिचा मुलगा कानिफनाथ माझ्या पोटात खेळूनच मोठा झाला. उन्हानं मी तापायची तेव्हा मालनबाई माझ्यावर पाणी मारायची आणि म्हणायची, "दम धर बाई, आलाच काठ." असं बोलणारं माणूस असलं की होडीला काही कमी पडत नाही.

पुढं कानिफनाथानं फायबरची नवी होडी आणली, इंजिनाची. गोरीगोमटी आणि भलतीच तोऱ्यातली! मला घराशेजारी उलटी घातली. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या. मित्रांनो, खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. त्याच सुमाराला मालनबाईचे गुडघे धरले आणि कानिफनाथ तिला धरणावर येऊ देईना. ती ओट्यावर बसायची, मी अंगणात पडून असायची. दोघी दिवसभर लांबून पाण्याकडं बघत राहायचो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तिच्या सुनेनं, जयमालानं, समुद्र बघायला जायचा बेत काढला. ही जयमाला मासळीचा टेम्पो स्वतः चालवते, बाजारात तिचा दरारा आहे. बेत ऐकून मालनबाई म्हणाली, "होडी घ्या संगं."

"आये, तिथं भाड्यानं मिळत्यात होड्या," कानिफनाथ म्हणाला.

"दुसऱ्याच्या होडीत बसून पावन्यावानी बघू व्हय? उभा जन्म वल्हं मारलं, पर म्होरं काठच न्हाई असं पानी कवा बघितलं न्हाई. एकदा माझ्या हातानं तिथवर जायचंय. मग गुडघे गेले तर गेले!"

जयमाला म्हणाली, "जाऊ आत्या. मी टेम्पो काढते." दुसऱ्याच दिवशी मला सरळ केलं, भोकांना डांबर लावलं, निळा रंग दिला आणि टेम्पोवर चढवलं. ताम्हिणी घाटात वळणावळणाला माझा जीव वरखाली होत होता, पण तोंडावर मी काही दाखवलं नाही.

महाडच्या पुढं सावित्री नदी रुंद होते, तिथं मला पाण्यात उतरवलं. सगळ्यांनी लाल जॅकेटं घातली. पुढं नात ज्ञानेश्वरी, मधे मालनबाई वल्ह्यावर, मागं कानिफनाथ. जयमाला टेम्पो घेऊन रस्त्यानं निघाली. काय तो दिवस होता! दोन्हीकडं हिरवे डोंगर, काठावर माडाची झाडं, आणि मालनबाईचे हात असे चालत होते जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. ज्ञानेश्वरी सारखी विचारायची, "आजे, दमली का?" आणि आजी म्हणायची, "तूच दमशील इचारून इचारून!" रात्री आम्ही एका गावात मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाजवळच्या शेवटच्या गावी पोहोचलो. पाणी धक्क्याच्या काठापर्यंत तुडुंब भरलं होतं. समुद्र आता एका वळणापलीकडं होता. जयमाला टेम्पोसह हजर होतीच. जेवून मग पुढं जायचं ठरलं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून कानिफनाथानं मला दोर आखडून धक्क्याला घट्ट बांधलं. धरणावर आम्ही असंच बांधतो. आमच्याकडं पाणी उतरायला महिने लागतात.

इथं ते जेवण होईपर्यंत उतरलं! अगं बाई, मला काही कळेचना. खालचं पाणी निघून चाललं आणि माझं नाक दोराला लटकलं, बूड चिखलात. शेळी टांगावी तशी मी टांगलेली.

सगळे परत आले तेव्हा धक्क्यावर बसलेला म्हातारा कोळी हसत म्हणाला, "पाव्हणे, होडी वाळत घातली काय? इथं दोर सैल सोडायचा असतो. आता संध्याकाळी भरती येईल तेव्हाच निघेल ती."

संध्याकाळी म्हणजे अंधार. अंधारात समुद्रावर जाता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता, सुट्टी संपून ज्ञानेश्वरीची शाळा सुरू होणार होती, त्यामुळं रात्रीच घराकडं निघायचं होतं. कानिफनाथ डोकं धरून खाली बसला. मालनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली, "हितनंच हात जोडते." मित्रांनो, तिचा तसला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझा पत्रा आतून चरचरला.

तेवढ्यात जयमाला म्हणाली, "आत्या, उन्हाळ्यात धरण आटल्यावर तुमी होडी पान्यात कशी नेत होता?"

"चिखलावरनं सरकवत."

"मग ह्यो काय चिखल न्हाई व्हय?"

मालनबाईनं चिखलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हसली!

"कमरेएवढं रुताल," म्हातारा ओरडला. "उभं ऱ्हायलं तर रुततं," मालनबाई म्हणाली, "पोट होडीच्या काठावर टेकवून पाय मारायचे." दोर सोडून मला चिखलावर उतरवलं, मग तिला आणि नातीला माझ्यात बसवलं. जयमालानं पदर खोचला, कानिफनाथानं विजार वर केली आणि दोघं माझ्या मागच्या काठावर ओणवी पडून चिखलात पाय मारू लागली. "हेऽ हुप्प!" मालनबाई आतून ओरडत होती. आजूबाजूला कोकणातल्या देखण्या होड्या खालच्या कण्यामुळं कलंडून पडल्या होत्या. मी मात्र माझ्या सपाट तळावर लोण्यावरून सरकावं तशी चालले. म्हातारा उठून उभा राहिला. "शाब्बास रे पाव्हणे!" तो ओरडला, आणि शेजारची पोरं टाळ्या पिटू लागली.

पाण्याला लागलो तेव्हा जयमालाही चिखलानं माखलेली तशीच आत चढली. ओसरणारं पाणी समुद्राकडंच धावत होतं, त्यानं आम्हाला उचलून नेलं. खाडीच्या तोंडाशी लाटा माझ्या तळावर धाडधाड आदळू लागल्या. "आये, बास, हितंच थांबू," कानिफनाथ म्हणाला. "गप बस. माझ्या होडीला मी वळखते," मालनबाई म्हणाली आणि तिनं वल्ही आणखी जोरात मारली. मी कुरकुरले, पण एक थेंब आत येऊ दिला नाही.

शेवटचा खडक मागं पडला. समोर काठ नव्हता.

मालनबाईनं वल्ही आत घेतली, हात पाण्यात बुडवला आणि समुद्राला म्हणाली, "आमच्या मुळेचं पानी तिकडं दुसऱ्या समुद्राला जातं. तुझ्याकडं येत न्हाई. म्हनून मीच आले." जयमाला रडत होती आणि हसतही होती. आणि मी, वेल्डिंगच्या दुकानातली पत्र्याची होडी, समुद्राच्या छातीवर बसले होते. परत येताना भरतीनंच आम्हाला धक्क्यावर आणून सोडलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना जपा, असं सगळेच सांगतात. पण जपायचं म्हणून त्यांचं काम काढून घेऊ नका. त्यांना ऊन लागू द्या, दमू द्या. आणि कधी त्यांनी मोठं पाणी मागितलं, तर वाद घालू नका. टेम्पो काढा.