पहिली नोंद

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता डिचोली बाजारातल्या एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत चौघंजण नेहमीप्रमाणे उभे होते. खुर्च्या होत्या, पण रोजची मीटिंग उभ्यानेच करायची, म्हणजे ती पंधरा मिनिटांत आटपते, असा गुरुदासचा नियम. ही छोटी सॉफ्टवेअर कंपनी त्याचीच. शंभर पानी आराखडे इथे कोणी करत नसे. भिंतीवर एक फळा आणि त्यावर चिठ्ठ्या: करायचं, चाललंय, झालं. दर दोन आठवड्यांनी जेवढं तयार असेल तेवढं गिऱ्हाइकाला दाखवायचं, तो सांगेल तो बदल करायचा. आणि ज्याने बनवलं त्यानेच ते दाखवायचं.

संजनाची चिठ्ठी 'झालं'खाली गेली होती. आमोण्याजवळ बाबलीशेटचा लग्नाचा हॉल आहे. त्याच्या बुकिंगचं पान तिने एकटीने बनवलं होतं. शुक्रवारी हॉलवर जाऊन ते दाखवायचं आणि शेटच्या पुतणीच्या लग्नाची पहिली नोंद तिथेच करायची, असं ठरलं होतं.

"शेटचा काल फोन आला होता," गुरुदास फळ्याकडे बघत म्हणाला. "प्रज्योतने दाखवावं म्हणतो."

"प्रज्योतने का?" सायलीने विचारलं. "त्याने त्या पानाला हातही लावलेला नाही."

"शेटची बायको नार्व्याची, संजनाच्या सासरच्या गावची. तिने संजनाचं सांगितलं असणार."

संजनाचं म्हणजे काय, ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा ओंकार खाणीच्या ट्रकखाली गेला. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि त्यांची मुलगी सेजल दीड वर्षाची.

"गिऱ्हाईक बदल सांगतं, आपण करतो," गुरुदास म्हणाला. "हाही एक बदलच समज."

त्याने चिठ्ठीवरचं नाव खोडून दुसरं लिहिलं. संजना "बरं" म्हणाली. मग खाली बसून तिने प्रज्योतसाठी कागदावर पायऱ्या लिहून काढल्या, कुठे काय दाबायचं ते एकेक करून. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

संध्याकाळी घरी तिची सासू चंद्रावती जनेलापाशी, खिडकीतल्या उजेडात बसून तांबडी भाजी निवडत होती. सेजल तिच्या मांडीला टेकली होती. संजनाने झालेलं सांगितलं.

"बरा झाला मगे," चंद्रावती म्हणाली. तिचं माहेर सावंतवाडीकडचं, बोली अजून तीच. "शुभकार्यात आपण कशाक फुडे जावचा? लोका उगाच बोलतली."

संजनाने पिशवी खुंटीला अडकवली. थोड्या वेळाने चंद्रावती आपणहून बोलू लागली, भाजीकडेच बघत.

"तुझो सासरो गेल्यार दिपालीचा लग्न झाला. तीनशे माणसांचा जेवाण मी केलंय. अंतरपाट धरलो तेव्हा मी कोठारात बसान रवलंय, तांदळाच्या पोत्यार. आतसून वाजप आयकलंय. पोटची पोर माझी. पण भायर ये म्हणान कोणी म्हटला नाय. मी पण इचारलंय नाय."

"आजी, तू लपली होतीस?" सेजलने विचारलं.

चंद्रावती देठ वेगळे करत राहिली.

शुक्रवारी हॉलवर पुढच्या रांगेत शेटचे नातेवाईक बसले होते. लॅपटॉपला कुंकू लावून झालं होतं. संजना सगळ्यात मागे, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांजवळ बसली. प्रज्योत कागद बघून बटणं दाबत होता.

"अरे, हात कित्याक कांपता?" बाबलीशेट मोठ्याने म्हणाला. "तुजें लग्न न्हय हें!"

सगळे हसले. मग शेटने विचारलं, "सकाळीं आमच्या चेडवाचें लग्न, आनी सांजेक दुसऱ्यांचें रिसेप्शन. एकाच दिसा दोगांयक घे पळोवया."

प्रज्योतने दाबलं. तारीख लाल झाली. हे कागदावर नव्हतं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

शेटने मान मागे वळवली. "संजना, तुका येता न्हय? थंयच्यानच सांग गो. तो करता."

"वरचं दुसरं बटण," संजना म्हणाली. प्रज्योतने ते दाबलं. "आता तारखेवर." त्याने तसं केलं.

तिला आपला आवाज दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा ऐकू येत होता. प्रज्योतचं बोट तिच्या पुढच्या शब्दासाठी हवेत थांबलं होतं. शब्द तिच्या तोंडात तयार होता. तिने तो उच्चारला नाही.

"किते जालें?" शेटने विचारलं.

"मी इथून सांगणार नाही, शेट. हे काम माझं आहे. मी तिथे येऊन करीन, नाहीतर होणार नाही."

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. शेट रागावला नाही. उलट आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखा बोलला, "वायट मानून घेवं नाका गो. चेडवाचें लग्न तें. तूं समजून घे."

"मलाही मुलगी आहे, शेट."

शेटने तिच्याशी बोलणं सोडलं. "गुरुदास, तुजें किते?"

गुरुदास जमिनीकडे बघत उभा होता. मग वाकून त्याने लॅपटॉपची वायर काढली.

"तिच्याशिवाय आमच्याकडे दाखवायला काही नाही, शेट."

"मग काम बंद समज."

"समजलो."

परतताना गाडीत प्रज्योतच्या हातात तो कागद अजून होता. जिंकल्यासारखं संजनाला काही वाटलं नाही, रडूही आलं नाही. मांडीवरच्या आपल्या हातांकडे ती बघत होती.

डिचोली जवळ आल्यावर गुरुदास म्हणाला, "शेटचा फोन आला तेव्हाच मी हे बोलायला हवं होतं."

"हो," संजना म्हणाली.

तो थोडा थांबला. आता ती 'असू दे' म्हणेल, याची वाट बघत असावा. आपल्या बायकांच्या तोंडात ते दोन शब्द तयारच असतात. समोरच्याला बरं वाटतं, आणि तेच पुढच्या खेपेला पुन्हा होतं.

संजनाने ते म्हटले नाहीत.