पोटातली कुजबुज

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी टाकी आहे. जवळ आलात तर आंबूस वास येईल. नाक मुरडलेत तरी मी मनाला लावून घेणार नाही, सवय झाली आहे.

माझी उमेदीची वर्षे एका भावा-बहिणीच्या शेडमध्ये गेली. दादा दुकानांतून मुदत संपलेली शीतपेये आणि शिळे पाव गोळा करून आणी. धाकटी ते सारे माझ्या पोटात ओतून त्यात यीस्ट सोडी. हे इवलेसे जीव साखर खातात आणि इथेनॉल तयार करतात. ते पुढे गाड्यांच्या इंधनात मिसळले जाई. लोकांनी टाकून दिलेल्यावर गाड्या धावतात, याचा मला कोण अभिमान होता!

पण शीतपेये टिकावीत म्हणून त्यांत जे औषध घालतात, त्याने साधे यीस्ट मान टाकते. धाकटीने आपल्या यीस्टला त्याची थोडी थोडी सवय लावली. त्यात तिची कित्येक वर्षे गेली. प्रत्येक खेपेतले थोडे यीस्ट ती विरजणासारखे बरणीत राखून ठेवी. रोज सकाळी माझ्या पोटाला कान लावून ती आतली बुडबुड ऐके आणि "जेवताहेत गं," असे मलाच सांगे. तेव्हा मला एकटे कधी वाटले नाही.

एकदा नणंदेच्या आजारपणात तिला जावे लागले. दादाच्या हातून बरणी सांभाळली जाईल याची तिला खात्री नव्हती, म्हणून राखलेले यीस्टही तिने माझ्यातच ओतले. थंडी पडली तर लक्ष ठेव, एवढे सांगून ती गेली.

थंडी पडली. दादाने घरातली होती नव्हती ती पांघरुणे मला गुंडाळली आणि दोरीने घट्ट बांधली. बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, की काम करताना यीस्टची स्वतःचीच उष्णता तयार होते. ती बाहेर जाईना. मी आतून तापत गेले. अंगाला हात लावला असता तर कळले असते, पण इतक्या पांघरुणांवरून हाताला काय कळणार? बुडबुड आधी वाढली, मग मंदावली, मग थांबली.

धाकटी परतली. तिने एकेक पांघरूण काढले, कान लावला. आतले सारे यीस्ट मरून गेले होते.

"दादा, तू रात्री काय पांघरलंस?" तिने विचारले.

"काही नाही," तो म्हणाला.

मग तिला त्याच्यावर रागावताही येईना.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते. ती एका मोठ्या कारखान्यात नोकरीला लागली आणि शेडला कुलूप लागले. मी मागच्या बाजूला पडून आहे, पोटात पावसाचे पाणी आणि पाचोळा. दादा अधूनमधून येतो, कुणी बघत नाही ना हे पाहतो आणि मला कान लावतो. त्याला काही ऐकू येत नाही. मला मात्र त्याचा श्वास ऐकू येतो. तेवढ्यावर माझे बरेच दिवस निघतात.

मित्रांनो, कुणावर माया असेल तर पांघरूण जरूर घाला, पण आधी कान लावून ऐका. आणि कधी माझ्यासारखी पडीक टाकी दिसली, तर तिलाही कान लावा. आत काही नसेल. तरी लावा.